एकशे बारा सेकंदांचे सर्वसमावेशक गाणे

नाशिक शहरात पंक रॉक वाजवणारे एकूण तीन इसम आहेत आणि ते तिघेही एकाच बँडमध्ये आहेत, ही बाब सुरुवातीलाच नमूद केलेली बरी. बँडचे नाव 'खडखडाट'. गाणारा आणि गिटार बडवणारा विहंग, बेसवर यज्ञेश्वर, ड्रमवर दिनेश. तिघेही सव्वीस वर्षांचे, तिघेही इंदिरानगरातल्या एकाच सोसायटीत वाढलेले, आणि तिघांच्याही आया एकाच भजनी मंडळात. यज्ञेश्वर सकाळी रामकुंडावर यजमानांना संकल्प सांगायचा आणि संध्याकाळी त्याच गळ्याने विहंगच्या मागे ओरडायचा. सराव चालायचा सातपूर एमआयडीसीत, विहंगच्या मामांच्या शेडमध्ये. शेजारच्या पॉवर प्रेसचा आवाज बँडपेक्षा मोठा असल्यामुळे आजवर कुणाची तक्रार आलेली नव्हती, आणि कुणी ऐकलेलेही नव्हते.

बँडचे खरे म्हणावे असे गाणे एकच होते. विहंगच्या एका दाखल्यावर जन्मतारीख एकतीस जून पडली होती. जूनला एकतीस दिवस नसतात हे सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराची आहे, असे त्याला कार्यालयात सांगण्यात आले. त्याने कॅलेंडर नेले, ते साक्षांकित नव्हते. अकरा फेऱ्या झाल्या आणि अकराही वेळा खिडकीमागचे भाऊसाहेब मान वर न करता एवढेच म्हणाले, की उद्या या. बाराव्या दिवशी विहंग कार्यालयात न जाता शेडमध्ये गेला आणि गाणे झाले. शब्द असे: उद्या या, उद्या या, उद्या या, परवा सुट्टी. हेच पुन्हा पुन्हा, घसा फाटेपर्यंत, एक मिनिट बावन्न सेकंद. म्हणजे एकशे बारा सेकंद.

सई लग्नांचे व्हिडिओ करायची. द्राक्षबागेत नवरानवरीला पळवणे, मामांचा क्लोजअप राहिला म्हणून वरमाला पुन्हा घालायला लावणे, असे तिचे सहा महिने जात. त्या काळात 'हो काका', 'हो मावशी' आणि 'हो, घेते ना' याखेरीज तिच्या तोंडून काही निघत नसे. एका लग्नसराईच्या शेवटी तिच्या ओळखीच्या दिनेशने तिला शेडमध्ये नेले. गाणे सुरू झाले आणि सई पत्र्याच्या भिंतीला टेकून एकशे बारा सेकंद हसत राहिली आणि त्यातले निम्मे सेकंद रडतही होती. कुणीतरी आपल्या वतीने नाही म्हणत आहे असे तिला वाटले. दुसऱ्या दिवशी तिने कॅमेरा आणला.

माहितीपट चोवीस मिनिटांचा झाला. त्यात सराव होता, शेड होते, तिघांची भांडणे होती आणि शेवटी ते गाणे होते. दिनेशची कंपनी त्याला नोव्हेंबरात जर्मनीला पाठवणार होती, यज्ञेश्वरचे लग्न ठरले होते, आणि यानंतर खडखडाट वाजणार नाही हे तिघांनाही न बोलता कळले होते. गाणे दुसरीकडे कुठे ध्वनिमुद्रित नव्हते. ते राहील तर सईच्या माहितीपटातच राहील.

"गाणं अख्खं येणार ना?" विहंगने विचारले.

"अख्खं. एक सेकंद कापणार नाही," सई म्हणाली.

उत्तर महाराष्ट्र दृक्‌श्राव्य समावेशन मंडळ दरवर्षी एक महोत्सव भरवते. त्यात निवडलेला माहितीपट मंडळाच्या संग्रहात कायमचा जतन होतो आणि त्याची प्रत जिल्ह्यातल्या प्रत्येक वाचनालयाला जाते. कायमचा हा शब्द वाचून सईने अर्ज केला. तीन आठवड्यांनी पत्र आले. 'सदर माहितीपटाचे अवलोकन केले असता, पंक रॉक बँडवरील या माहितीपटात पंक रॉक बँडला प्रमाणाबाहेर प्रतिनिधित्व मिळाल्याचे निदर्शनास आले आहे. तरी समतोल साधून फेरसादर करावा.'

सईने पत्र दोनदा वाचले आणि मंडळात गेली. मंडळ मुंबई नाक्याजवळ एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर होते. कुंभाच्या तयारीसाठी समोरचा रस्ता खोदून ठेवल्यामुळे इमारतीत फळीवरून चालत जावे लागे. वर खिडकीत गोरक्ष भाऊसाहेब बसले होते. ते नुकतेच दाखल्यांच्या एका कार्यालयातून बदलून आले होते. सईने नाव सांगायच्या आतच त्यांनी तिला सांगितले, की मॅडम बाहेर आहेत, उद्या या. सईला तो सूर कुठेतरी ऐकल्यासारखा वाटला, पण कुठे ते आठवेना.

ती उद्या गेली, परवा सुट्टी होती, तेरवा वेदिका मॅडम भेटल्या. वेदिका मॅडम समावेशन अधिकारी होत्या आणि स्वभावाने इतक्या गोड होत्या, की त्यांच्यापुढे राग धरून बसणे अवघड जाई. माहितीपट पाहताना आपला पाय आपोआप हलत होता, असे त्यांनी आधीच सांगून टाकले. मात्र पायाला रकाना नव्हता. प्रपत्र सातमध्ये बावीस रकाने होते आणि खडखडाटने त्यातले जेमतेम अडीच भरले होते. तीन पुरुष, एक वय, एक सोसायटी. मॅडमनी अत्यंत हळुवारपणे विचारले, की यात बाई कुठे आहे?

सई म्हणाली, "मी आहे ना. माहितीपट मीच केलाय."

"तू कॅमेऱ्याच्या मागे आहेस, सई. मागे असलेल्या बाईची नोंद आम्ही कशी करणार?"

यावर सईला पुष्कळ काही सुचले, पण ते फळीवरून परत जाताना सुचले. समोरासमोर ती म्हणाली, हो मॅडम.

तिने रकान्यांची यादी घेतली आणि माणसे शोधायला निघाली. आठवडी बाजाराच्या दिवशी ती हरसूलला पोचली. तिथे मालनबाई नागली आणि वालाच्या शेंगा घेऊन बसल्या होत्या. वय सत्तरच्या पुढे, आवाज बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. सईने शेंगा घेतल्या, बोलणे निघाले. मालनबाई घरात एकट्या राहत, पण रेशन कार्डावर त्यांच्या घरात सहा माणसे होती. उरलेली पाच माणसे कोण आणि ती जेवायला का येत नाहीत, एवढेच विचारायला त्या दोन वर्षे कार्यालयात जात होत्या. तिथून काय उत्तर मिळते, असे सईने विचारले. मालनबाईंनी सांगितले, आणि सईने त्यांना तिथल्या तिथे सातपूरला बोलावले.

पुढच्या आठवड्यात मालनबाई एसटीने सातपूरला आल्या. शेडमध्ये एका खोक्यावर पदर सावरून बसल्या. बँडने गाणे वाजवले. एकशे बारा सेकंद त्यांनी डोळे मिटले नाहीत की कानावर हात ठेवला नाही. वाजवून झाल्यावर विहंग घाम पुसत त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला.

"हे तर माझं गानं हाय," मालनबाई म्हणाल्या. "तुमी कुठनं आनलं?"

मग त्या उभ्या राहिल्या आणि म्हणायला लागल्या. या डोंगरावरून त्या डोंगरावरच्या माणसाला हाक मारायची सवय असलेला तो आवाज होता. शेजारचा पॉवर प्रेस थांबला. चालवणारा कामगार हातमोजे काढत दारात येऊन उभा राहिला आणि हे काय चालले आहे, असे विचारू लागला. बँडच्या पाच वर्षांच्या इतिहासातला आपणहून आलेला हा पहिला श्रोता होता. दिनेशने आनंदाच्या भरात एक काठी मोडली. सईने सगळे चित्रित केले, आणि एसटीत बसवताना मालनबाईंना महोत्सवाची तारीखही सांगितली. मालनबाईंनी ती बोटांवर मोजून लक्षात ठेवली.

हा माहितीपट पहिल्यापेक्षा कितीतरी चांगला होता, आणि मंडळानेही तसे मान्य करून तो नाकारला. मालनबाई स्त्री होत्या, ज्येष्ठ होत्या, डोंगराळ भागातल्या होत्या आणि एकल होत्या. एका व्यक्तीने चार रकाने अडवणे म्हणजे उरलेल्या तिघांची संधी हिरावणे, असे समितीचे मत पडले. शिवाय ज्येष्ठ या रकान्यातील व्यक्तीने माहितीपटात आशीर्वाद देणे अपेक्षित आहे. प्रस्तुत व्यक्ती ओरडत असून तिचा आवाज तिच्या रकान्याशी सुसंगत नाही.

वेदिका मॅडमना याचे स्वतःला फार वाईट वाटले. मालनबाई किती खऱ्या आहेत, असे त्या दोनदा म्हणाल्या. पण एका मालनबाईच्या जागी चार माणसे आली तर समाजाचा केवढा फायदा आहे, हे सईने मोठ्या मनाने पाहायला हवे होते. सईने पाहिले. हो मॅडम, असे म्हणून तिने मालनबाईंचे चित्रण 'तूर्त राखीव' या नावाच्या फोल्डरमध्ये टाकले. हे मालनबाईंना कळवायचे होते, पण ते काम रोज उद्यावर जाऊ लागले.

प्रतिनिधित्वाचे काम नाजूक असते आणि ते नवख्याने करू नये, म्हणून मंडळाने सईला एक तज्ज्ञ सल्लागार दिला. हा तज्ज्ञ म्हणजे पंचवटीतले सोमनाथभाऊ. त्यांनी वीस वर्षे फ्लेक्स केले होते. वाढदिवसाचे, निवडीचे, स्वागताचे, दुःखद निधनाचे. कुणाचा फोटो मधोमध, कुणाचा वरच्या ओळीतल्या वर्तुळात, कुणी हात जोडायचे, कुणी कानाला मोबाइल लावायचा आणि कुणाला गॉगल शोभतो, हे शास्त्र त्यांच्याइतके जिल्ह्यात कुणाला अवगत नव्हते. दिल्लीहून आलेल्या कार्यशाळेत मॅडमना सर्वसमावेशकता तीन दिवस शिकवली गेली होती. सोमनाथभाऊंना ती विसाव्या वर्षापासून येत होती.

त्यांनी माहितीपट पाहिला. पाचव्या मिनिटाला थांबवला आणि काळजीने विचारले, "ताई, यात शुभेच्छुक कुठायत?"

सई म्हणाली, शुभेच्छुक नाहीत, हा बँडवरचा माहितीपट आहे.

"बँड मधोमध राहीलच की. पण बाजूनं माणसं नकोत? हे बघा, वर्तुळ चुकलं की माणूस रुसतो. आणि रुसलेला माणूस फ्लेक्स फाडतो. तुमच्या पिच्चरला फाडायला काय लागतं?"

हे सईला पटले, कारण लग्नांत तिने असे रुसवे पाहिलेले होते. एका काकांचा चेहरा अल्बममध्ये अर्धा आला म्हणून दोन घरांतले येणेजाणे बंद पडल्याचे तिला माहीत होते. त्यामुळे सोमनाथभाऊंनी बावीस रकाने पुढे ओढून कागदावर वर्तुळे काढायला घेतली तेव्हा तिला उलट हायसे वाटले.

शेतकरी असा एकच रकाना होता. सोमनाथभाऊंनी विचारले, कुठला शेतकरी? द्राक्षवाला घेतला तर कांदेवाला येणार नाही. कांदेवाला घेतला तर लाल कांद्याचा की उन्हाळ कांद्याचा, हा प्रश्न उरतो. तीन वर्तुळे झाली. गोदावरीच्या दोन काठांचे दोन. काळ्या रश्श्याची मिसळ खाणाऱ्यांचा एक आणि लाल रश्श्यावाल्यांचा एक, आणि यांची वर्तुळे मिलिमीटरनेही कमीजास्त होता कामा नयेत. येवल्याचे पैठणीवाले, मालेगावचे यंत्रमागवाले, मनमाडचे रेल्वेवाले. पेठचा एक, कारण पेठला नेहमी शेवटी आठवतात. मालनबाईंच्या जागचे चौघे. सोसायटीचे चेअरमन, कारण त्यांनी सरावाला कधी विरोध केला नव्हता. सराव सोसायटीत नव्हता, हे खरे, पण त्यांनी विरोध केला नव्हता हेही खरेच.

बातमी पसरली आणि माणसे पासपोर्ट फोटो घेऊन स्वतःहून येऊ लागली. एकाने हात जोडलेला आणि एकाने गंभीर, असे दोन पर्याय आणले. यादी सत्तेचाळीसवर गेली, मग ऐंशीवर. शेवटी मोजदाद झाली तेव्हा एकशे नऊ प्रतिनिधी भरले आणि बँडचे तिघे मिळून एकशे बारा. गाणेही एकशे बारा सेकंदांचे. हा योग जुळलेला पाहून वेदिका मॅडमच्या डोळ्यांत पाणी आले. प्रत्येकाने एक सेकंद गायचे. समतेची याहून चोख वाटणी कुठल्याही गाण्यात झाली नव्हती.

विहंगला हे सईनेच सांगितले. तो गिटारची तार बदलत होता. त्याने विचारले, "पण गाणं अख्खं येणार ना?"

"अख्खंच येणार," सई म्हणाली. "फक्त वाटून."

विहंगने तिच्याकडे पाहिले आणि तारेकडे पाहिले आणि तार ओढत राहिला. ती तुटली.

चित्रीकरण शेडमध्ये सुरू झाले. बाहेर एकशे नऊ माणसांची रांग, प्रत्येकाच्या हातात टोकन. एकेकाने आत यायचे, आपला सेकंद म्हणायचा, नाव नोंदवून चहा घ्यायचा. पहिली तक्रार अर्ध्या तासात आली. कुणाच्या वाट्याला 'उ' आला होता आणि कुणाच्या वाट्याला अख्खे 'या'. काळ्या रश्श्याला 'सुट्टी' मिळाली आणि लाल रश्श्याला नुसता 'प', यावरून आवाज चढले. मनमाडचे निवृत्त गार्ड सकाळच्या गाडीने आले होते आणि त्यांच्या टोकनवर दोन 'उद्या या'च्या मधली शांतता निघाली होती.

ते चिडून म्हणाले, "एवढ्या लांबून मी गप्प बसायला आलोय का?"

सोमनाथभाऊ पुढे झाले. त्यांनी गार्डसाहेबांना बाजूला घेतले आणि शांतपणे समजावले, की कार्यक्रमात सगळे बडबडतात ते कार्यकर्ते. ज्याच्यासाठी सगळे थांबतात तो प्रमुख पाहुणा. शांतता ही मुख्य खुर्ची आहे. गार्डसाहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी कोट मागवून घेतला आणि कॅमेऱ्यापुढे एक सेकंद अशा रुबाबात गप्प बसले, की बघणाऱ्यांना हेवा वाटावा.

हेवा वाटलाच. दुपारपर्यंत एकोणीस जणांनी शांततेसाठी लेखी अर्ज दिले. लाल कांद्याला शांतता दिली म्हणून उन्हाळ कांद्याला द्यावी लागली. येवल्याने मागितली, म्हणून मालेगावला मिळाली. पण ड्रम वाजत असताना शांतता कुठून आणायची? म्हणून आधी ड्रम काढले, मग बेस काढला, मग गिटार फक्त हातात धरायची ठरली. दिनेश रिकाम्या हातांनी खोक्यावर बसून राहिला. पंक रॉकच्या गाण्यात संध्याकाळपर्यंत चौसष्ट सेकंदांची मान्यवर शांतता जमा झाली.

इतके होऊन एक हरकत उरलीच. ती गोरक्ष भाऊसाहेबांची होती. गाणे कर्मचाऱ्यांविषयी आहे आणि त्यात कर्मचाऱ्यांचे प्रतिनिधित्व शून्य आहे, असे त्यांनी विहित नमुन्यात लिहून दिले. हरकत बिनतोड होती. वेदिका मॅडमनी त्यांनाच कॅमेऱ्यापुढे उभे केले. भाऊसाहेब चष्मा लावून खुर्चीवर बसले, समोर कुणी नसतानाही त्यांनी मान खाली घातली आणि अगदी सहज म्हणाले, उद्या या.

दिवसभरात इतके जिवंत कुणी म्हटले नव्हते. आवाजात राग नव्हता, घाई नव्हती, फक्त तीस वर्षांचा रियाज होता. विहंगने आवाज ओळखला. जूनची एकतीस तारीख घेऊन तो अकरा वेळा ज्या आवाजापुढे उभा राहिला होता, तो हाच आवाज होता.

"मूळ चीज आमचीच आहे," भाऊसाहेब नम्रपणे म्हणाले. "फक्त मी 'कृपया उद्या या' म्हणायचो. कवीनं कृपया गाळलंय."

मूळ गायक सापडल्यावर त्याला एकाच सेकंदात गुंडाळणे बरे दिसले नसते. 'कृपया उद्या या' म्हणायला तीन सेकंद लागतात. बाकीच्या एकशे नऊ वर्तुळांना हात लावणे शक्य नव्हते, ती माणसे रुसली असती. रुसणार नाहीत अशी तीनच माणसे त्या शेडमध्ये होती. तिघांची नावे शेवटच्या पाटीवर 'स्थळ सौजन्य' या मथळ्याखाली घ्यायचे ठरले. यज्ञेश्वर म्हणाला, की नावे बरोबर लिहिली तरी पुरे.

सईने जुने चित्रण मंडळाकडे जमा केल्याचे आणि स्वतःकडची प्रत पुसल्याचे हमीपत्र द्यायचे होते. एकाच विषयाच्या दोन प्रती असल्या तर कुणीतरी जुनी लावायचा आणि समतोल बिघडायचा. त्यात सरावाचे गाणे होते, मालनबाईंचे गाणे होते. सईने पेन उचलले आणि खाली ठेवले. मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिच्या मनात नाही हा शब्द अगदी ओठापर्यंत आला, तो तिला स्पष्ट जाणवलाही, आणि मग तिने सही केली. त्या दिवशी घरी जाताना तिला स्वतःची इतकी लाज वाटली, की ओळखीच्या एका काकूंना तिने हसून हातसुद्धा केला नाही.

महोत्सवाचा दिवस उजाडला. दिनेशचे विमान दुसऱ्या दिवशीचे होते. सभागृहाबाहेर सोमनाथभाऊंनी केलेला वीस फुटी फ्लेक्स होता. त्यात एकशे दहा वर्तुळे, त्यांच्याशिवाय वर वेदिका मॅडमचे सर्वांत मोठे, आणि खाली कोपऱ्यात गिटारचे लहानसे चित्र. सभागृह तुडुंब भरले होते. प्रत्येक वर्तुळाबरोबर त्याचे घर आले होते.

गाणे लागले. पहिल्या सेकंदाला डावीकडची एक रांग उठून टाळ्या वाजवू लागली आणि मोबाइलमध्ये तो सेकंद टिपून बाहेर निघाली. दुसऱ्या सेकंदाला उजवीकडची रांग. गार्डसाहेबांच्या शांततेला मनमाडकरांनी शिट्ट्या मारल्या, त्यामुळे ती शांतता कुणाला ऐकू आली नाही. ज्याचा सेकंद झाला तो बाहेर वड्याच्या रांगेत उभा राहिला. भाऊसाहेबांच्या तीन सेकंदांना जोरदार टाळ्या पडल्या. एकशे बारा सेकंद संपले तेव्हा दिवे लागले आणि सभागृहात मोजून सहा माणसे उरली. बँडचे तिघे, सई, दारात चाव्या घेऊन उभे असलेले भाऊसाहेब, आणि सातव्या रांगेत मालनबाई.

त्या हरसूलहून दोन एसट्या बदलून आल्या होत्या. धुवट लुगडे नेसल्या होत्या आणि मांडीवर फडक्यात बँडसाठी नागलीच्या भाकऱ्या होत्या. पडदा कोरा झाला तरी त्या पडद्याकडेच पाहत होत्या. सई जवळ गेली तेव्हा त्यांनी तिचा हात धरला.

"पोरी, माझं कवा लागतंय?"

सईने तोंड उघडले. खरे काय ते सांगायचे तिने ठरवले होते. चार रकाने, तूर्त राखीव, हमीपत्र, सगळे. पण तोंडातून जे निघाले ते इतके सहज निघाले, की तिचे तिलाच आश्चर्य वाटले.

"आजी, उद्या या."

दारातल्या गोरक्ष भाऊसाहेबांनी मान वर केली. त्यांच्या नजरेत कौतुक होते. हा सूर शिकायला त्यांना पहिली चार वर्षे लागली होती.

सईला वाटले, मालनबाई आता रडतील, नाहीतर शिव्या देतील, आणि शिव्या दिल्या तर बरे होईल. मालनबाईंनी तिच्याकडे नीट पाहिले. मग त्या हसल्या, कारण पुढची ओळ त्यांना पाठ होती.

"परवा सुट्टी," त्या म्हणाल्या, आणि उठून उभ्या राहिल्या.

मग त्यांनी सुरुवात केली. उद्या या, उद्या या, उद्या या. दिनेशने समोरच्या दोन खुर्च्या ओढल्या आणि त्यांच्या पाठींवर हात चालवायला लागला. यज्ञेश्वर संकल्प सांगायच्या गळ्याने मागे लागला. विहंग खुर्चीवर चढून असा ओरडला, की छतावरून पोपडे पडले. भाकऱ्यांचे फडके सुटले, कुणाला त्याचे भान नव्हते. रिकाम्या सभागृहात ते गाणे पहिल्यांदा पुरे मावले. भाऊसाहेबांचा पाय हलत होता.

सईच्या पिशवीत कॅमेरा होता. तिने चेन उघडली, कॅमेरा बाहेर काढला. तेवढ्यात वेदिका मॅडम दारातून गोड आवाजात म्हणाल्या, की सगळे सत्काराच्या फोटोसाठी थांबले आहेत, एक माणूस कमी दिसतो आहे. सईने कॅमेऱ्याकडे पाहिले, मालनबाईंकडे पाहिले.

"हो मॅडम, आले," ती म्हणाली.

बाहेर, दार ओढून आलेल्या भाऊसाहेबांसह, एकशे दहा माणसे शाल घेऊन ओळीत उभी होती आणि सोमनाथभाऊ उंचीप्रमाणे त्यांना मागेपुढे करत होते. बंद दारामागून गाणे अख्खे ऐकू येत होते, एकही सेकंद न कापता. आत एवढा गोंगाट कोण करते आहे, असे दोघातिघांनी त्रासून विचारले. मग फोटोवाला 'इकडे बघा' म्हणाला आणि सगळे तिकडे बघायला लागले. दिनेश दुसऱ्या दिवशी गेला. मंडळाच्या संग्रहात तो माहितीपट कायमचा जतन केलेला आहे.

या गोष्टीत पंधराच्या पंधरा तालुक्यांची नावे आलेली नाहीत, याची नम्र जाणीव आहे. नाशिक जिल्ह्याबाहेरच्या वाचकांची तर दखलच घेतलेली नाही. आपण मघापासून आपल्या गावाचे नाव येते का ते पाहत होता आणि त्या नादात मालनबाईंकडे थोडे दुर्लक्ष झाले, हेही समजण्यासारखे आहे. आपल्यावर झालेला अन्याय दूर करण्याची सोय आहे. विहित नमुन्यात अर्ज, दोन फोटो आणि अपेक्षित वर्तुळाची रुंदी घेऊन खिडकीवर यावे. आज भाऊसाहेब सत्काराला गेले आहेत. कृपया उद्या या.

परवा सुट्टी आहे.